रिकामी टिचकी

धनश्री तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा एका काखेत मैना, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी आणि दातांत घराची किल्ली होती. इमारतीची लिफ्ट तीन दिवसांपासून बंद होती. दार ढकलून ती तशीच सोफ्यावर टेकली आणि डोळे मिटून श्वास मोजू लागली. दहा महिन्यांच्या मैनेला आईच्या धापेची भारी गंमत वाटली. वरखाली होणाऱ्या त्या छातीवर ती दोन्ही हातांनी थापट्या मारायला लागली.

“आत्ती, हिला घ्या हो जरा.”

आत्ती म्हणजे तिच्या सासूबाई, पार्वताबाई. इचलकरंजीत चाळीस वर्षं मागावर उभी राहिलेली बाई. खडखडाटानं एक कान कधीच गेला होता, दुसरा सवडीप्रमाणं ऐकायचा. पण बोटं शाबूत होती. चालत्या मागाच्या लोखंडावर बोटं टेकवून त्या सांगायच्या, हा विणतोय आणि तो नुसताच धडधडतोय. आता माग कुजबुजल्यासारखे चालतात, धागा तुटला तर मालकाच्या घड्याळात दिवा लागतो. आत्तींच्या बोटांना काम उरलं नव्हतं, म्हणून ती बोटं दिवसभर मैनेच्या अंगावरून फिरत असायची.

आत्ती पोरीला उचलायला वाकल्या, तर पोरीनं आईचा पदर मुठीत धरून ठेवलेला. तो सोडवता सोडवता आत्तींचा हात धनश्रीच्या डाव्या स्तनाखाली चिकटवलेल्या पट्टीवर पडला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं.

“धना, ही पट्टी अशीच वाजत असत्या व्हय गं?”

“कशी?”

“तुझी नाडी बघ, कुठं पळाल्या. आणि ही बया आपल्याच तालात. टिक, टिक. हिला तुझं काय पडलंच नाही.” आत्तींनी बोटं जरा दाबली. “आडवा धागा सपल्यावर जुना माग चालायचा ना, तसं लागालंय हाताला. रिकामं.”

“आत्ती, मशीन आहे ते. त्यातलं वन्संना कळतंय, आपल्याला नाही.”

“ते बी खरंच,” असं म्हणून आत्ती पोरीला घेऊन गच्चीकडं गेल्या.

धनश्री मात्र उठली नाही. शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवणारी ती. मनात शिरलेला आकडा पडताळून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, डॉक्टर तेजस्विनी. कोल्हापूरच्या हृदयसंशोधन केंद्रात त्यांचं नाव होतं. मैना दीड महिन्याची असताना धनश्रीच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. धुण्याची बादली उचलताना, जिना चढताना, कधी नुसतं पोरीला पाजताना. बाळंतपणात रक्तदाब वाढला होता, म्हणून अँजिओग्राफी झाली. मोठ्या रक्तवाहिन्या धुतल्यासारख्या स्वच्छ निघाल्या. “काही नाही, जागरणं आहेत,” एक डॉक्टर म्हणाले. “मन रमवा,” दुसरे म्हणाले. नवऱ्यालाही वाटलं, हिला जरा माहेरी पाठवावं.

वन्सं तेवढ्या म्हणाल्या, “तुला दुखतंय ना? मग दुखतंय.”

धनश्री त्या दिवशी रडली होती. दुखण्यानं नव्हे. कुणीतरी मान्य केलं म्हणून.

“मूठ आवळ,” वन्संनी तिला सांगितलं होतं. “अजून घट्ट. आता उघडून तळवा बघ. पांढरा पडलाय ना? आता बघ, कशी लाली पसरत्या. हृदयाचं अस्संच आहे. ते आवळतं तेव्हा साऱ्या अंगाला रक्त पोचवतं, पण त्याच्या स्वतःच्या मांसातल्या बारीक रक्तवाहिन्या त्याच मुठीत चिरडल्या जातात. स्वतःच्या वाट्याचं बहुतेक रक्त त्याला मिळतं ते मूठ सैल झाल्यावर, दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. त्या क्षणी केसाहून बारीक वाहिन्या अंग पसरतात आणि भरून घेतात. सगळ्यात आतल्या थराला सगळ्यात शेवटी मिळतं. आणि नाडी पळायला लागली की पहिल्यांदा आखडतो तो विसावाच.”

“मग माझ्या वाहिन्या पसरत नाहीत?”

“पसरायचं विसरल्यात. अँजिओग्राफीत दिसतात ते मोठे रस्ते. या बोळांत कुणी डोकावतच नाही.”

वन्संच्या केंद्रात डोकावणारी पट्टी तयार झाली होती. तळहाताएवढी, मऊ. ती ध्वनिलहरींनी बारीक वाहिन्या किती भरतात ते मोजायची. आणि प्रत्येक विसाव्याच्या नेमक्या सुरुवातीला एक हलकी टिचकी मारायची. त्या टिचकीनं वाहिन्यांच्या आतलं अस्तर थरथरायचं, त्यातून एक वायू सुटायचा आणि वाहिन्यांच्या भिंती सैलावायच्या. वर्षभर अशी आठवण करून दिली की वाहिन्या आपल्या आपण उमलायला शिकतात, असा वन्संचा विश्वास होता. पण हे बाळंतपणानंतर वर्ष-सव्वा वर्षातच साधायचं. त्यानंतर उपाशी राहिलेलं मांस चिवट होत जातं आणि वाट कायमची बुजते.

अभ्यासात दोन गट होते. निम्म्या बायकांना खरी पट्टी, निम्म्यांना नकली. नकलीही मोजायची, तीही टिचकी मारायची, पण ती टिचकी विसाव्याशी बांधलेली नसायची. कुणाला कुठली ते संगणक ठरवणार. डॉक्टरांनाही कळणार नाही. हे सगळं अर्जात लिहिलं होतं. धनश्रीनं वाचून सही केली होती. पट्टी चिकटवताना वन्सं तिच्या कानाशी वाकल्या होत्या.

“तुझी खरी आहे. कुठं बोलू नकोस.”

आठ महिने ती बोलली नव्हती. तपासणीला येणारी जयसिंगपूरची नसीम एकदा म्हणाली, “मला कायच फरक नाही बाई, मी सोडणार हे,” तेव्हा धनश्रीला आतून चोरट्यासारखं झालं होतं. आपल्याला मात्र फरक पडत होता. दुखणं निम्म्यावर आलं होतं. दर रविवारी वन्संचा फोन यायचा आणि फोन ठेवल्यावर छाती मोकळी वाटायची.

आता तिनं डाव्या हाताची बोटं गळ्याच्या नाडीवर ठेवली, उजव्याची पट्टीवर. समोर घड्याळ. धाप ओसरली होती. नाडी चौऱ्याहत्तर, टिचक्या बहात्तर. जवळपास सारख्याच. तिला हसू आलं. आत्तीपण ना.

मग ती दार उघडून दोन मजले खाली उतरली आणि भरभर वर आली. नाडी एकशे अठरा. टिचक्या बहात्तर.

दुसऱ्या दिवशी परत मोजलं. एकशे बारा. बहात्तर.

तिसऱ्या दिवशी मैनेला पाजताना मोजलं. पोर दूध पिता पिता झोपली होती, ओठ अजून हलत होते. नाडी अडुसष्ट. आणि तिच्या इवल्या गालाखाली ती पट्टी, बहात्तर, बहात्तर.

तिचा नवरा सुहास नवे माग बसवायला तिरुपूरला गेला होता. तिनं फोनवर सगळं सांगितलं.

“ताईनं काहीतरी विचार करूनच केलं असेल ना,” तो म्हणाला.

“काय विचार?”

“ते मला काय माहीत? पण घरातली गोष्ट आहे धना. घरातच बोलूया. बाहेर नको न्यायला.”

“माझी छाती पण घरातलीच आहे की,” धनश्री म्हणाली आणि फोन ठेवला.

कोल्हापूरला जायचं ठरलं तेव्हा आत्ती पातळ बदलून दारात उभ्या राहिल्या. “तुम्ही कशाला?” असं विचारल्यावर म्हणाल्या, “माझ्या लेकीकडं जायला मला आवतण लागतंय काय?”

तेजस्विनीच्या खोलीत सगळीकडं काच होती. आईला बघून ती हरखली, मैनेला उचलून तिनं गरागरा फिरवलं. “आत्याची सोनी ती! गं आई, ही किती जड झाल्या!” मैना खिदळली. धनश्रीला एक क्षण वाटलं, आपण मोजण्यात चुकलो असू दे. देवा, चुकलो असू दे.

“वन्सं, माझी पट्टी नकली आहे का?”

तेजस्विनीनं पोरीला फिरवायचं थांबवलं.

“कोण म्हणालं?”

“मी मोजलं. जिना चढून.”

“मी हात लावून बघितलं,” आत्ती म्हणाल्या. “रिकामी चालल्या.”

तेजस्विनी हळूच हसली, दमल्यासारखी. “दहा इंजिनिअर बसवलेत मी, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. आणि आई, तू...” तिनं मैनेला आत्तींच्या मांडीवर दिलं आणि खुर्ची ओढून धनश्रीच्या समोर बसली. “ऐक. ओरडू नकोस. आधी ऐक.”

“मी ओरडत नाही.”

“नकली गटातल्या बायका टिकत नव्हत्या. फरक नाही म्हणायच्या आणि पट्टी सोलून टाकायच्या. पहिल्या दोन महिन्यांत अकरा गेल्या. तुलना करायला तो गटच उरला नसता तर सगळा अभ्यास पाण्यात. मला त्या गटात अशी बाई पाहिजे होती, जी काही झालं तरी पट्टी काढणार नाही.”

“संगणक ठरवतो म्हणालात.”

“संगणकानं तुला खऱ्या गटात टाकलं होतं.” तेजस्विनीनं नजर खाली घेतली. “मी बदललं.”

मैनेनं आत्तींच्या गळ्यातली पोत तोंडात घातली होती. आत्ती ती काढायचं विसरून लेकीकडं बघत होत्या.

“माझ्यावर विश्वास होता म्हणून?” धनश्रीनं विचारलं.

“तुझा माझ्यावर होता म्हणून,” तेजस्विनी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आल्यासारखी थांबली. मग घाईघाईनं म्हणाली, “अगं, पण तू बरी व्हायला लागलीस! दर रविवारी सांगायचीस, कमी आहे, अजून कमी आहे. मला वाटलं, तुझ्या वाहिन्या आपोआप सुधारतायत. होतं असं काहींचं.”

“मोजमापं काय सांगत होती?”

तेजस्विनी टेबलावरचे कागद सारखे करायला लागली.

“नकलीपण मोजते ना वन्सं? अर्जात लिहिलंय. दाखवा.”

पडद्यावर एक रेघ आली. श्रमाच्या वेळी विसाव्यातलं रक्त किती पटींनी वाढतं, त्याची. निरोगी बाईत अडीच पट, तीन पट. पहिल्या महिन्यात धनश्रीचा आकडा होता एक पूर्णांक नऊ. मग आठ. मग सात. रेघ कुठंच अडखळली नव्हती, नळाखालच्या मोरीसारखी सरळ उतारानं खाली गेली होती. या महिन्यात एक पूर्णांक चार. प्रत्येक ठिपक्याखाली तारीख होती, आणि “पाहिले” म्हणून तेजस्विनीची सही.

धनश्रीनं तारखा वाचल्या. त्या ठिपक्यांमध्ये मैनेचं उष्टावण होतं. त्या दिवशी वन्सं आल्या होत्या, बुंदीचे लाडू घेऊन. दोघी जिन्यावरून पळत गेल्या होत्या, धनश्री पुढं. “बघा, मला काही होत नाही!” असं ती वरून ओरडली होती, आणि वन्सं खाली टाळ्या वाजवत होत्या. सही दोन दिवस आधीची होती.

“तुम्ही मला पळू दिलंत,” ती म्हणाली.

“धनश्री...”

“दुखणं असतं तर मी जपून तरी चालले असते. ते पण तुम्ही घेतलंत.”

तेजस्विनी उठली आणि कपाटातून एक सीलबंद पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “ही खरी. आत्ता लावते. अजून तीन महिने आहेत हातात, पुष्कळ भरून निघेल. नोंदीत लिहीन, पट्टी बिघडली, बदलली. दोन महिन्यांनी निकाल जाहीर होतोय. खऱ्या गटाचे आकडे बघशील तर तुला रडू येईल, इतके चांगले आहेत. पण हे बाहेर गेलं ना, तर सगळा अभ्यास बाद. पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं, चार वर्षं. तेवढ्या काळात तुझ्यासारख्या किती बायकांना ‘मन रमवा’ म्हणतील, मोज. तुला मोजता येतं.”

ते मात्र खरं होतं, आणि म्हणूनच धनश्रीला त्या बाईचा एवढा राग आला की डोळ्यांपुढं पाकीट नाचायला लागलं. हात पुढं केला की संपलं. मैना होती. मैनेला आई पाहिजे होती. तीन महिन्यांतला एकेक दिवस पाहिजे होता.

“नकली गटातल्या बाकीच्यांना कधी लावणार?”

“निकालानंतर.”

“त्यांचे महिने तोवर थांबणार आहेत काय?”

तेजस्विनीनं पाकीट फाडलं. ती पुढं वाकली.

धनश्रीनं पदर घट्ट ओढून घेतला. “नको. तुमच्या हातानं नको.”

परतीच्या बसमध्ये मैना झोपली. शिरोली मागं पडली. मग आत्ती खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, “लहानपणी एकदा शेजारणीचं मांजर पोत्यात घालून ठेवलं होतं हिनं. किती वेळ जगतंय बघायला. मी हिला मारलं नाही. हुशार आहे म्हटलं.”

त्या संध्याकाळी मैनेला वरणभात भरवून झाल्यावर धनश्री केंद्राच्या एथिक्स कमिटीला पत्र लिहायला बसली. चार ओळी लिहायची आणि उठायची. कधी पोरीचं लंगोट बदलायला, कधी उगाच. नाडीचे आकडे, टिचक्यांचे आकडे, तारखा. कानात सांगितलेलं वाक्य. ते लिहिताना तिचा हात थांबला. ते लिहिलं की मग ते वाक्य दोघींचं राहणार नव्हतं.

आत्तींनी सगळं वाचून घेतलं, एकेका शब्दावर बोट ठेवून.

“पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं ते लिहिलं नाहीस.”

“तुमचं नाव कशाला त्यात? आई आहात तुम्ही तिची.”

“लिही,” आत्ती म्हणाल्या. “नाहीतर म्हणतील, नणंद-भावजयीचं भांडण आहे. खाली सही पण करते.” त्यांनी सही केली, पार्वता, आणि पेन जाग्यावर ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. भांडी मघाशीच घासून झाली होती.

सुहास तिरुपूरहून आला तो गप्पच आला. आठवडाभर आईशी बोलला नाही, बायकोशी कामापुरतं. फक्त एकदा जिन्यात मैनेला धनश्रीच्या कडेवरून न विचारता आपल्याकडं घेतलं, आणि तेव्हापासून रोज घेऊ लागला.

कमिटीला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत धनश्री पावलं मोजून चालली. रात्री पोरीला कुशीत घेऊन पडली की वाटायचं, आता या घटकेलाही आत कुठंतरी एक बोळ बुजत असेल. आपण तत्त्वासाठी हे केलं की सूडासाठी, हा हिशोब तिला शेवटपर्यंत लागला नाही.

निर्णय आला. अभ्यास बाद, निकाल जाहीर होणार नाही. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसांकडून पुन्हा सुरुवात. डॉक्टर तेजस्विनी यांना कामावरून दूर केलं. नकली गटातल्या आणि सोडून गेलेल्या सगळ्या बायकांना बोलावून खरी पट्टी द्यावी. नसीमला फोन धनश्रीनंच केला. “माझी खोटी होती व्हय?” नसीम म्हणाली. “तरीच. मला वाटलं, मीच खोटी.”

नवे डॉक्टर इनामदार मितभाषी होते. त्यांनी लावलेली पट्टी पहिल्या दिवसापासून निराळी लागली. जिना चढलं की टिचक्याही भरभर पडायच्या, ठोक्याच्या मागोमाग, नेमक्या. दहा आठवड्यांनी आकडा एक पूर्णांक चारवरून दोन पूर्णांक एकवर आला.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “वेळेत आलात. मांस मऊ आहे अजून. आणखी तीन महिन्यांनी पट्टी काढून बघू. दुखणं आता नसेलच.”

“आहे,” धनश्री म्हणाली.

“किती?”

“पहिल्यासारखं. मैना दीड महिन्याची होती तेव्हासारखं. बसल्याजागी पण येतं.”

त्यांनी पडद्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. “वाहिन्या तर भरतायत. पूर्वीपेक्षा कितीतरी चांगल्या.”

“हो.”

“आणि त्या आठ महिन्यांत, वाहिन्या मिटत होत्या तेव्हा, तुमचं दुखणं निम्मं होतं. नोंदीत आहे.” ते विचारात पडले. “रक्त आणि वेदना, दोन्ही नेहमी एका वाटेनं जात नाहीत. हे समजून घ्यायला पाहिजे. तुम्ही एवढं भरून द्याल का?”

त्यांनी एक कागद पुढं सरकवला आणि दुसऱ्या रुग्णाला बघायला बाहेर गेले. नाव, वय, अपत्यं. जेवणाच्या वेळा. झोप. नव्यानं चालायला लागलेली मैना टेबलाच्या कडेला धरून उभी होती आणि पेनासाठी हात लांब करत होती.

शेवटून दुसरा प्रश्न होता: पूर्वी आपणांस कशामुळे आराम पडत असे?

धनश्री बराच वेळ त्या मोकळ्या ओळीकडं बघत राहिली. गोळ्या, लिहिता आलं असतं. विश्रांती. माहीत नाही. मैनेनं बोट धरून ओढलं तेव्हा तिनं पेन टेकवलं आणि सावकाश, फळ्यावर लिहितात तशा गोल अक्षरांत लिहिलं: वन्संमुळे.

खोडावं असं वाटलं. खोडलं नाही. कागद तसाच टेबलावर ठेवून तिनं पोरीला उचललं. छातीत कळ आली. ती जरा थांबली, आणि मग चालायला लागली.